गडी ठेवला, गडी लावला, गडी सांगितला: चाकरीचे आणि लाचारीचे शब्द कसे निवडायचे

कोल्हापूर भागात 'गडी' हा शब्द एका दिवसात तीन-चार अर्थांनी कानावर पडतो. तालमीत वस्ताद म्हणतात, "गडी तयारीचा हाय", तो पैलवान. कट्ट्यावर "आपला गडी हाय त्यो", तो दोस्त. रानात "उद्याला दोन गडी सांगितल्यात", ते रोजंदारीवरचे. आणि कुणाच्या घराबद्दल "त्यांच्यात गडी ठेवलाय" म्हटलं, की तो चाकर. शब्द एकच, अर्थ ठरवतं ते शेजारचं क्रियापद. 'ठेवला' म्हणजे सालाने किंवा महिन्याने, जेवणखाण धरून. 'लावला' म्हणजे त्या कामापुरता. 'सांगितला' म्हणजे आदल्या दिवशी निरोप देऊन ठरवलेला, संध्याकाळी रोज घेऊन घरी जाणारा. कथेत "गडी सांगितला" लिहिलं आणि पुढच्याच ओळीत तो रात्री गोठ्यात वस्तीला झोपला, तर या भागातला वाचक तिथंच थांबतो.

कथा, संवाद, बातमी, अनुवाद किंवा साधा अर्ज लिहिणाऱ्यांची चाकरीच्या शब्दांत सगळ्यात जास्त फसगत होते. कारण शब्दकोशात हे सगळे 'नोकर' या एकाच खणात पडलेले असतात. खरं तर प्रत्येक शब्दात पैसे कसे मिळतात, कोण कुणाबद्दल बोलतंय आणि काळ कोणता, या तीन गोष्टी बांधलेल्या असतात. त्या आधी ठरवाव्यात, शब्द मग शोधावा.

आधी पैशाचा हिशेब

सालगडी पाडव्याला धरतात आणि पाडव्यालाच त्याचं साल संपतं. त्यामुळे "दिवाळीला नवा सालगडी धरला" असं लिहायचं असेल तर आधीचा मधेच का गेला, हेही लिहावं लागतं. सालाच्या बोलीत रोख रकमेबरोबर धान्य आणि कपडे येतात. बायका 'रोजगाराला' जातात. या भागात 'रोजगार' म्हणजे शेतातली रोजंदारी, सरकारी योजनेतला मोठा शब्द नव्हे. "भांगलायला (म्हणजे तण काढायला) पाच बायका सांगितल्यात" हे वाक्य पूर्ण आहे, त्यात 'मजूर महिला' घालायची गरज नाही. ठरावीक रकमेत अख्खं काम उचललं तर ते 'उक्तं'. न आलेला दिवस 'खाडा'. आगाऊ घेतलेले पैसे 'उचल'.

पैऱ्याला गेलेला माणूस मात्र यांपैकी कुणीच नाही. आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी, असा तो कष्टाला कष्टाने फेडायचा व्यवहार आहे. पैऱ्याच्या माणसाला मजूर म्हटलं तर त्याचा अपमान होतो, आणि लिहिणाऱ्याला गाव माहीत नाही हेही उघडं पडतं.

ऊसतोडीत 'कोयता' हे हत्याराचं नाव तसंच माणसांचं मापही आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा माणूस अर्धा कोयता. "वीस कोयत्यांची टोळी" म्हणजे चाळीस माणसं. बातमीत "वीस मजूर" छापलं की निम्मी माणसं गायब होतात, आणि त्या निम्म्यात बहुतेक बायकाच असतात. संवादात मुकादमाच्या तोंडी 'कोयता' ठेवावा, निवेदनात माणसं मोजावीत.

'बिगारी' या शब्दाचा प्रवास तर उलटा झाला आहे. मूळ फारसीत बिगार म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेलं काम. आज बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली माल कालवणारा, घमेली देणारा बिगारी रोजावर असतो, त्याची हजेरी लागते. म्हणून आजच्या बांधकामावर 'बिगारी' खुशाल लिहावं, पण 1900 च्या आसपासच्या प्रसंगात तोच शब्द आला तर तिथं पैसे देऊ नयेत.

'वेठ' या शब्दाचा अर्थ मात्र अजून तोच आहे: जबरीने करून घेतलेलं काम. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली महार वतन रद्द केलं आणि 1920 साली वेठबिगार बंद केली. त्याआधी वतनाच्या नावाखाली निरोप पोचवणं, ओझी वाहणं, सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे धावणं, हे सगळं हक्काने करून घेतलं जाई. स्वातंत्र्यानंतर 1976 च्या कायद्याने देशभर वेठबिगारीला बंदी आली. कर्जाच्या किंवा उचलीच्या बदल्यात माणसाला कामाला जखडून ठेवणं त्या कायद्यात बसतं. तेव्हा टोळीतल्या माणसाला उचल फिटेपर्यंत हलू दिलं नाही, तर 'वेठबिगार' हा शब्द भडक ठरत नाही, तो नेमका असतो. उलट "वाहतूक कोंडीने नागरिक वेठीस" हे छापणं सोडावं. कोंडीत अडकणं म्हणजे वेठ नव्हे. कुणीतरी मुद्दाम धरून ठेवलेलं असलं पाहिजे.

घरातलं काम

'मोलकरीण' हा शब्द आज थोडा खाली गेला आहे, पण त्याची घडण स्वच्छ आहे: मोल घेऊन काम करणारी. जुन्या काळातल्या कथेत तो बिनदिक्कत वापरावा. 'कामवाली' मुंबईकडून, हिंदीच्या वळणाने आली. कोल्हापूरच्या घरात "कामाच्या मावशी आल्या नाहीत" असं म्हणतात. जिथं जरा तुटक संबंध तिथं "कामाची बाई आली नाही". 'आल्या' आणि 'आली' एवढ्या फरकात त्या घराचं वळण कळतं. त्यासाठी स्वभाववर्णनाचा परिच्छेद लागत नाही. कायद्यातला शब्द 'घरेलू कामगार', महाराष्ट्रात त्यांच्या कल्याण मंडळाचा अधिनियम 2008 चा. बातमीत, अर्जात, ठरावात तोच लिहावा, कारण 'कामगार' शब्दाबरोबर हक्क येतात. संवादात तो लिहू नये, कुणी बोलत नाही.

संवादाचं निघालं म्हणून: कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल "मी आलो", "मी जातो" म्हणतात. मावशींच्या तोंडी "वैनी, भांडी झाली, मी जातो" हे अगदी बरोबर आहे. छापताना कुणी 'जाते' करून ठेवलं तर परत दुरुस्त करून घ्यावं. मालकाला 'मालक', त्याच्या पोराला 'धाकलं मालक', आणि गडी वयाने मोठा असेल तर मालकाची पोरं त्याला 'तात्या', 'आण्णा' म्हणणार. मालकीण "मावशी, तेवढी फरशी घ्या" म्हणते, "कृपया फरशी पुसाल का" असं म्हणत नाही. 'तेवढी' या शब्दातच तिचं आर्जव आहे.

कामांची नावंही ठोक वापरू नयेत. धुणं-भांडी, केर-फरशी, पोळ्या-भाकरी ही तीन वेगळी कामं, बहुतेक घरांत पैसेही वेगळे ठरतात. गोठ्यातलं 'शेणघाण काढणं' आणि 'धारा काढणं' ही एकाच वेळची कामं, पण धार काढणाऱ्याचा मान वेगळा, कारण म्हैस सगळ्यांना पान्हा सोडत नाही. सणासमारंभाला लागते ती 'वरकामाची बाई'. 'हरकाम्या' म्हणजे पडेल ते काम करणारा. हा शब्द थोडा दयेचा आहे, म्हणून बातमीपेक्षा कथेत बरा.

चहाच्या गाड्यावरच्या मुलाला 'छोटू', 'बारक्या', 'पोऱ्या' म्हणतात. संवादात ते येणारच. निवेदनात मात्र वय लिहावं. 14 वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवणं बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीपासून बेकायदा आहे (घरच्या धंद्यातली मदत आणि बालकलाकार एवढेच अपवाद), आणि 'पोऱ्या' या लाडिक शब्दाखाली ते झाकलं जातं.

कचेरी, शाळा, दवाखाना

नोकरी मानाची, नोकरदार मानाचा, पण नोकर कमीपणाचा. मराठीतली ही गाठ कधी सुटली नाही. "ते सरकारी नोकर आहेत" चालतं, "ते त्यांचे नोकर आहेत" म्हटलं की माणूस खाली जातो. 'चाकरमानी' हा कोकणाचा शब्द, मुंबईहून गणपतीला गावी येणाऱ्याचा. कोल्हापूरहून पुण्याला नोकरीला गेलेल्याला तो लावू नये.

शाळा-कॉलेजातला शिपाई 'मामा' असतो, दवाखान्यातल्या आया 'मावशी'. "शिपाई आले" हे वाक्य अर्धवट आहे: एक आला आणि आदराने बोललं, की चारजण आले? "शिपाई मामा आले" लिहिलं की प्रश्न मिटतो. 'चपराशी' हा हिंदीतून आलेला, मराठी कचेरीत 'शिपाई' किंवा जुन्या काळासाठी 'पट्टेवाला'.

'सेवक' आणि 'सेविका' या शब्दांशी जपून वागावं. शिक्षणसेवक, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका: शब्द गोड आहे, पण त्याच्याबरोबर अनेकदा 'पगार' जाऊन 'मानधन' येतं. शिक्षणसेवकाला पहिली 3 वर्षं मानधनच असतं. अंगणवाडी सेविकांच्या मागण्यांबद्दल लिहिताना 'मानधनवाढ' हा अधिकृत शब्द ठेवावाच लागतो, पण त्यांच्या कामाला 'सेवाभाव' म्हणू नये. तो शब्द त्यांच्याच मागणीच्या विरोधात जातो.

जुन्या कागदांत 'कामगार' दिसला तर घाई करू नये. 'गावकामगार पाटील', 'गावकामगार तलाठी' यांतला कामगार म्हणजे गावचा अधिकारी, मजूर नव्हे. तसंच बलुतेदार म्हणजे गावाचा नोकर नव्हे. खळ्यावर त्याचा वाटा हक्काचा होता, मेहेरबानीचा नव्हता. आणि पेशवाईतल्या कागदांतली 'कुणबीण' ही कुणबी घरातली बाई नाही, ती विकत घेतलेली दासी आहे. या एका गैरसमजाने अख्खा उतारा उलटा वाचला जातो.

ऐतिहासिक लिखाणात राजवाड्यावर सरसकट 'सेवक' उभे करू नयेत. अठरा कारखान्यांच्या, म्हणजे राजवाड्याच्या खात्यांच्या, पद्धतीत प्रत्येक कामाचा माणूस वेगळा आणि नावही वेगळं. तंबू-बिछायतीचा फरास, घोड्याची निगा राखणारा मोतद्दार, हत्तीचा माहूत, मशाल धरणारा मशालजी, अब्दागिरी (मानाची छत्री) धरणारा अब्दागिऱ्या, हुजूरच्या जवळ वावरणारा हुजऱ्या. कोल्हापूरच्या शिकारखान्यात चित्ते सांभाळणारे चित्तेवान होते. चोपदार आणि भालदार मिरवणुकीत पुढे चालतात, ललकारी देतात. ते पाणी आणून देत नाहीत.

गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पदरी कामाला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. पुढे महाराजांच्या पाठबळावर त्यांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं हॉटेल काढलं आणि स्वतः महाराज तिथं चहा प्यायले. त्यांच्यावर लिहिताना 'महाराजांचा नोकर' एवढ्यावर थांबणं तांत्रिकदृष्ट्या चूक नाही, पण माणूस पुसला जातो. "महाराजांच्या पदरी असलेले, पुढे हॉटेलचालक झालेले" असं लिहावं आणि क्रियापद आदरार्थी ठेवावं. जातीचं नाव कामाचं नाव म्हणून तर कधीच लिहू नये, आणि सफाईच्या कामाबद्दल लिहिताना तर अजिबात नाही. शब्द आहे 'सफाई कामगार', तो पुरेसा आहे.

पाय धरणे आणि पाय चाटणे

आता वागण्याचे शब्द. पाहावं ते हे, की वाकणारा माणूस कशामुळे वाकला: आदराने, गरजेने, भीतीने की फायद्यासाठी. मराठीत चारींसाठी वेगळे शब्द आहेत, आणि एकट्या 'पाय' या शब्दाभोवती सगळी उतरंड सापडते.

पाया पडणं हा नमस्कार आहे, त्यात कमीपणा नाही. पाय चेपणं ही सेवा. तालमीत धाकटे पठ्ठे वस्तादांचं अंग रगडतात, हौद्यातली (आखाड्यातली) माती खणून मऊ करतात, त्याला कुणी चाकरी म्हणत नाही. पाय धरणं म्हणजे शरण जाणं, माफी किंवा आसरा मागणं. हातापाया पडणं म्हणजे गरजेने केलेली विनवणी, ती सहसा चारचौघांत होते. पायावर लोळण घेणं इथपासून लाज सुटायला लागते. पाय चाटणं हे बोलणाऱ्याने केलेलं दूषण आहे: स्वतःबद्दल कुणी "मी त्यांचे पाय चाटले" असं म्हणत नाही, म्हणलाच तर रागाने किंवा पश्चात्तापाने. 'पाय धरले' च्या जागी 'पाया पडला' लिहिलं तर माफीचा प्रसंग सणाचा होतो.

मागण्याचीही अशीच चढण आहे. विनंती, आर्जव, मनधरणी, विनवणी, काकुळती, गयावया. मनधरणी रुसलेल्याची करतात, म्हणजे दोघं बरोबरीचे असतात. सावकाराची मनधरणी होत नाही. काकुळतीला 'येतात', गयावया 'करतात', नाकदुऱ्या 'काढतात'. क्रियापदं बदलून चालत नाहीत. पदर बाई पसरते. पुरुष हात किंवा झोळी पसरतो.

नमतं घेणं आणि दबून राहणं यांत गफलत फार होते. नमतं बरोबरीचा माणूस घेतो, स्वतःच्या मर्जीने, घर टिकावं म्हणून. दबून राहतो त्याला मर्जी नसते. "सुनेने नमतं घेतलं" आणि "सून दबून राहिली" ही दोन वेगळी घरं आहेत. 'सोशिक' हा कौतुकाचा शब्द बायकांच्याच वाट्याला जास्त येतो. तो लिहिण्याआधी तिनं नेमकं काय सोसलं ते लिहून पाहावं, बहुतेक वेळा मग तो शब्द नको होतो.

'मिंधा' उपकाराने होतो, 'लाचार' परिस्थितीने. पण "लाचार झाला" आणि "लाचारी पत्करली" यांत फरक आहे: पहिल्यात माणसाची कीव आहे, दुसऱ्यात त्याच्यावर ठपका. 'भिडस्त' वेगळाच: त्याला नाही म्हणता येत नाही, एवढंच. तो भित्रा नव्हे आणि लाचारही नव्हे.

खुशामतीच्या शब्दांत कुत्र्याची शेपटी पुन्हा पुन्हा येते. गोंडा घोळणं म्हणजे लाडाने, काही मिळवण्यासाठी. लांगूलचालन हेही शब्दशः शेपटी हलवणंच, पण आता ते राजकारणापुरतं उरलंय. शेपूट घालणं मात्र भीतीचं, त्यात खुशामत नाही. दोन्हींची सरमिसळ करू नये. थुंकी झेलणारा, जोडे उचलणारा, होयबा, नंदीबैल ही माणसांची नावं. ताटाखालचं मांजर म्हणजे दुसऱ्याच्या पुरता मुठीत असलेला माणूस. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा खुशामत करेलच असं नाही. त्याला स्वतःचं डोकं चालवायचं नसतं.

दोन अर्थांचे सापळे

"त्यांना हलकी कामं दिली." आजारातून उठलेल्या माणसाला सांभाळून घेतलं, की त्याचा अपमान केला? मराठीत 'हलकं' दोन्हींना चालतं, म्हणून एकटं सोडू नये. "बसून करायची कामं दिली" किंवा "कमीपणाची मानली जाणारी कामं दिली" असं फोडून लिहावं. तसंच 'घाणीचं काम' म्हणजे घाणीत करावं लागणारं. 'घाणेरडं काम' म्हटलं की काम करणाऱ्यालाच डाग लागतो.

'गरीब' चा घोटाळा तर कोल्हापुरात रोजचा. "पोरगं गरीब हाय" म्हणजे शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बैल गरीब असतो तसंच. सोयरीक ठरवताना "पोरगी गरीब हाय" ऐकून बाहेरचा माणूस पैशाचा विचार करतो.

क्षुद्र आणि शूद्र यांचं शुद्धलेखन हा नुसता व्याकरणाचा मामला नाही. क्षुद्र म्हणजे किरकोळ, कोतं. दुसरा वर्णाचा शब्द. "शूद्र राजकारण" छापून आलं की चूक एका अक्षराची आणि घाव पिढ्यांचा.

अर्जात किती वाकावं

जुन्या पत्रात खालून वर जायची ती 'विज्ञापना', वरून खाली यायची ती 'आज्ञा'. शेवटी "सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना" असं येई. ऐतिहासिक कथेत सरदाराने छत्रपतींना 'आज्ञा' लिहिली तर प्रसंगच कोसळतो. कोर्टाच्या कागदावर आजही 'मे.' लावतात ते 'मेहेरबान'. तेवढं ठेवावं, ती रीत आहे.

बाकी अर्जात वाकण्याचे शब्द मोजून घालावेत. असा मजकूर नेहमी दिसतो: "मे. साहेबांच्या सेवेशी सविनय सादर विनंती अर्ज करतो की, कृपया मज गरिबावर कृपावंत होऊन घरेलू कामगार नोंदणीचा दाखला देण्याची मेहेरबानी व्हावी ही नम्र विनंती." यात विनवणीचे शब्द सात-आठ, आणि कामाची माहिती शून्य. वाचणाऱ्या लिपिकाला हवं असतं ते नाव, कोणत्या घरांत किती वर्षं काम, सोबत जोडलेले कागद आणि काय हवं ते. 'मज गरिबावर' तर काढावंच, कारण नोंदणी ही दया नव्हे, ती 2008 च्या अधिनियमाने दिलेली सोय आहे.

दुरुस्त मजकूर असा: "महोदय, मी गेली 9 वर्षे तीन घरांत धुणे-भांडी व स्वयंपाकाचे काम करते. घरमालकांचे दाखले, वयाचा पुरावा व रहिवासाचा पुरावा सोबत जोडला आहे. घरेलू कामगार म्हणून माझी नोंदणी व्हावी, ही विनंती." 'विनंती' एकदाच, शेवटी. खाली 'आपली आज्ञाधारक' नको, 'आपली विश्वासू' लिहून सही करावी, आणि सहीखाली नाव सुवाच्य अक्षरात.